तारेखालचा अपशकुनी

ला पासिएन्सिया या गावात आन्सेल्मो बेरादीचे नाव कोणी घेत नसे. उल्लेख करायची वेळ आलीच तर ‘तो मीटरवाला’ म्हणत. तेवढे म्हटल्यावरही अपशकुन टळावा म्हणून पुरुषमंडळी डावा हात खाली नेऊन आपल्या एका खाजगी अवयवाची हळूच विचारपूस करीत, बायका डाव्या छातीवर बोटे टेकवीत, आणि मगच संभाषण पुढे चाले. गहू आणि सोयाबीनच्या त्या सपाट मुलखात नजर अडवायला धान्याचे कोठार, निलगिरीची रांग आणि चर्चचा मनोरा एवढेच आहे. तिथे संकट कुठून येते हे तरी दिसायला हवे होते. ते दिसत नसे, म्हणून गावाने ते एका माणसाच्या अंगाला चिकटवून टाकले होते. त्यामुळे रस्ता ओलांडून ते टाळता येई.

आन्सेल्मो वीज सहकारी संस्थेत मीटर वाचायच्या कामावर होता. उंच, काटकुळा, खांदे पुढे आलेले, आवाज मऊ. महिन्यातून एकदा तो गावातल्या प्रत्येक भिंतीशी उभा राही. जो माणूस प्रत्येक दारात जातो तो प्रत्येक दुर्घटनेच्या आसपास सापडणारच. यात गूढ असे काही नाही. नोटरीच्या सासूला पक्षाघात झाला त्या सकाळी तो त्या घरी जाऊन आला होता. दूधवाला, पाववाला आणि स्वतः नोटरीही त्या घरात होतेच. पण समाजाला कारण हवे असते तेव्हा तो ते सर्वांत गरीब स्वभावाच्या माणसात शोधतो, कारण असा माणूस कारण व्हायला नकार देत नाही.

तरीही नुसत्या सासूवर कोणाची अशी कीर्ती होत नाही. ती झाली ओरेस्तेस गातिनीमुळे.

ओरेस्तेसचे बियाण्यांचे आणि गुरांच्या औषधांचे दुकान होते, आणि दोन आसनांचे एक लाल विमान होते, जे त्याला दुकानापेक्षा, आणि काहींच्या मते सुलेमापेक्षाही, म्हणजे लग्नाच्या बायकोपेक्षाही, प्रिय होते. आन्सेल्मो आणि तो एका बाकावर शिकले. तरुणपणी रविवारी दोघे विमानाच्या पंखाखाली बसत, भोपळ्याच्या एकाच पात्रातून आळीपाळीने माते नावाचा कडू पाल्याचा चहा ओढत, आणि ओरेस्तेस शिकवी: उंची म्हणजे हाताशी असलेला वेळ. वर असताना इंजिन बंद पडले तर शेत निवडता येते. खाली असताना शेतच आपल्याला निवडते. तार कधी शोधू नये, ती दिसत नाही, खांब शोधावेत. आन्सेल्मो हे सर्व भक्तिभावाने ऐके. एका रविवारी त्याच भक्तीच्या भरात तो म्हणाला, “याचं इंजिन किती सुरेख चालतं रे, शिवणयंत्रासारखं.”

त्याच सकाळी इंजिन सूर्यफुलांच्या शेतावर बंद पडले. ओरेस्तेस नाक मोडून घेऊन फुलांतून चालत बाहेर आला. पेट्रोलात पाणी गेले होते. उडण्याआधी टाकीच्या तळचे पाणी काढून टाकायचे असते, ते गप्पांच्या नादात राहून गेले. पण पाण्याशी बोलणे टाकता येत नाही, मित्राशी टाकता येते. ओरेस्तेसने ते टाकले, आणि गावाने त्याचे अनुकरण केले. ओरेस्तेसचे मन मात्र खात असावे. दर नाताळाला आन्सेल्मोच्या उंबऱ्यावर डुकराची खारवलेली मांडी आढळे. घंटी वाजे, आणि दार उघडेपर्यंत वयाची साठी गाठत आलेला एक वजनदार गृहस्थ कोपऱ्यावरून धापा टाकत पळत असलेला दिसे.

ज्या उत्सवाबद्दल सांगायचे आहे तो लोरेतोच्या मातेचा. ती वैमानिकांची रक्षक. तिचे घर देवदूतांनी हवेतून उचलून दुसऱ्या देशी नेले अशी श्रद्धा आहे. ते किती उंचीवरून नेले याचा खुलासा कोणी केलेला नाही, आणि ला पासिएन्सियाने त्या मौनाचा सोयीस्कर अर्थ घेतला होता. मिरवणूक चौकात पोचली की ओरेस्तेस पश्चिमेकडून येई. बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळांवरून उडत खाली येई, कोठार आणि निलगिरीची रांग यांमधल्या फटीतून शिरे, आणि चौकावर मांडीतल्या पोत्यातून मूठमूठ गोळ्या-चॉकलेटे उधळी. दर वर्षी तो थोडा आणखी खालून येई, कारण दर वर्षी लोक म्हणत की गेल्या वर्षी जरा वरूनच आला. विमान क्लबच्या भिंतीवर घरांपासून किमान किती उंच उडावे याचा फलक होता. तो क्लबचे अध्यक्ष नास्तोर बाल्बी यांनी स्वतः लावला होता, आणि विमान उंच गेल्याची पहिली तक्रारही तेच करीत. ज्या वर्षी चाकाच्या वाऱ्याने नोटरीची टोपी उडाली ते वर्ष गावात सुवर्णकाळ म्हणून ओळखले जाई.

बाल्बी वीज सहकारी संस्थेचेही व्यवस्थापक होते. त्या वर्षी, उत्सवाच्या अगदी तोंडावर, संस्थेने नव्या चीज कारखान्यासाठी एक वीजवाहिनी ओढली. ती रुळांना आडवी जात होती: एक खांब कोठारामागे, दुसरा निलगिरीच्या आत, आणि मधोमध, बरोबर त्या फटीत, तार.

ओरेस्तेस तेव्हा बियाण्यांच्या व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला रोसारियोला गेला होता. उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी यायचा होता, आणि विमानतळ गावाच्या पूर्वेला होते. म्हणजे त्याला ती तार दिसायची पहिली संधी म्हणजे ती प्रोपेलरमध्ये गुंतेल तो क्षण.

गावात ती सर्वांनी पाहिली होती. तरी कोणी काही बोलणार नव्हते, कारण उत्सवाच्या आठवड्यात वैमानिकाच्या कानावर पडेल अशा रीतीने पडणे, आदळणे, तार, शवपेटी आणि विधवा हे शब्द उच्चारायचे नसतात. उच्चारले की ते घडते, आणि ज्याने उच्चारले त्याच्यामुळे घडते. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो पाळला जात असे.

आन्सेल्मोने संस्थेच्या कचेरीत बाल्बींना गाठले.

“साहेब, ओरेस्तेसला कुणी सांगितलं का?”

बाल्बींनी आधी डावा हात टेबलाखाली नेला. “काय सांगायचं?”

“तारेचं.”

“हळू बोल. या आठवड्यात हा शब्द काढतात का?”

“तो रुळांवरून खाली येणार. फटीतून घुसणार.”

“दिसेल की त्याला.”

“तार दिसत नाही साहेब. उन्हात तर मुळीच नाही.”

“खांब दिसतील.”

“एक झाडांत आहे, दुसरा कोठारामागं. जागा तुम्हीच ठरवल्या.”

“उत्तम जागा आहेत. गावाची शोभा बिघडत नाही.”

“मग निदान तारेला लाल गोळे लावू. गोळे नसतील तर चिंध्या बांधू.”

“कशाला बांधू? कागदोपत्री ती तार अजून नाहीच. उद्घाटन व्हायचंय. नसलेल्या तारेला गोळे लावले तर वरचे लोक मला काय म्हणतील?”

“कागदावर नसली तरी हवेत आहे ना.”

बाल्बींचा सूर मऊ झाला. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. “हे बघ, तूच विचार कर. मी त्याला म्हटलं, जपून रे बाबा, आणि रविवारी काही झालं, तर लोक काय म्हणतील? नाट लावणारा बाल्बी. जन्मभर. तुला तर माहीतच आहे कसं वाटतं ते.”

“आणि नाही सांगितलं, आणि झालं तर?”

“तर ते नशीब. त्यात माझं नाव येत नाही.” मग, दार उघडून देताना, “शिवाय सुलेमानं सांगितलं असेल. बायको आहे ती.”

या चार वाक्यांत एका समाजाचे अख्खे नीतिशास्त्र सामावलेले होते. माणूस मेला तरी चालेल, पण त्याच्या मृत्यूच्या वाक्यात आपण कर्ता होता कामा नये. आन्सेल्मोने एवढा विचार केला नाही. त्याला फक्त दिसत होते की रविवार येतो आहे.

तो सुलेमाकडे गेला. तिच्या घराचे मीटर ओरेस्तेसने स्वखर्चाने अंगणाच्या फाटकाबाहेर एका दांडक्यावर आणून बसवले होते, तेवढ्यासाठीच की आन्सेल्मोने आत येऊ नये. तो दांडक्यापाशी उभा राहिला. खिडकीची झडप बोटभर उघडली.

“या महिन्याचं वाचून झालंय तुझं,” सुलेमा आतून म्हणाली.

“सुलेमा, ऐक. ओरेस्तेसला सांग की—”

“त्याचं नाव घेऊ नकोस.”

“बरं, नाही घेत. ज्याच्याकडं विमान आहे त्याला सांग—”

“विमानाचंही घेऊ नकोस.”

“मग बोलू तरी कशाबद्दल?”

“हवेबद्दल बोल आणि जा.”

“हवा छान आहे,” आन्सेल्मो म्हणाला.

आत काहीतरी लोखंडी खणखणले. बाधा टळावी म्हणून तिने कालथ्याच्या लोखंडाला हात लावला असावा. “झालं. आता रविवारी गारा पडणार,” ती म्हणाली, आणि झडप बंद झाली. खरे तर तीही तार पाहून आली होती आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती. पण तिने स्वतःची समजूत घातली होती की क्लबने सांगितले असेल; क्लब कशासाठी असतो.

आन्सेल्मोने स्वतःच चिंध्या बांधायचे ठरवले आणि लाकूडवाल्याकडे शिडी मागितली. लाकूडवाला म्हणाला, शिडी एकटी असली तरी तिच्याखालून कोणी जात नाही. शिडी आणि तू, दोन्ही एकत्र मी दुकानाबाहेर पाठवणार नाही. राहता राहिले फादर किंतिन. ते कोर्दोबाला शिकलेले होते आणि गावात विज्ञानाची बाजू त्यांच्याकडे होती.

“अंधश्रद्धा हे पाप आहे, आन्सेल्मो,” फादर म्हणाले. नाव घेणारे गावात ते एकटेच. “तुझ्यामुळं कुणाचं वाईट होतं हे मी क्षणभरही मानत नाही.” हे म्हणत असताना त्यांचा डावा हात झग्याच्या घड्यांत कुठेतरी नाहीसा झाला होता.

“मग तुम्ही सांगा त्याला, फादर. तुमचं तो ऐकेल.”

“सांगीन की. पण थेट नको. लोक उगाच बिथरतात. प्रवचनात सुचवीन.”

रविवारी चर्च भरले. आन्सेल्मो दाराशी, त्याच्यासाठी मोकळ्या सोडलेल्या ऐसपैस जागेत उभा राहिला. पहिल्या रांगेत ओरेस्तेस, रोसारियोहून आणलेल्या नव्या कोटात. फादरनी दिलेला शब्द पाळला.

“काही बंधनं डोळ्यांना दिसत नाहीत,” ते म्हणाले. “माणूस आपल्या सामर्थ्याच्या मस्तीत निघतो. त्याची नजर खाली, टाळ्या वाजवणाऱ्या लोकांवर असते. आणि समोर एक धागा ताणलेला असतो, तो त्याला दिसत नाही. बंधूंनो, तो धागा आहे. मी एवढंच म्हणतो, की तो आहे.”

ओरेस्तेसचे डोळे भरून आले. बाहेर पडताना त्याने फादरचे दोन्ही हात धरले. “अहंकाराबद्दल बोललात फादर. मला कळलं. मी फार उंच समजत होतो स्वतःला.” आणि नम्रतेचा पहिला पाठ म्हणून त्याने तिथेच जाहीर केले की या वर्षी आपण आणखी खालून जाणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फादरनी आकाशाकडे पाहिले.

आन्सेल्मो पुढे सरसावला. गर्दी दुभंगली, त्याच्यासाठी ती नेहमीच दुभंगे, एखाद्या राजासाठी दुभंगावी तशी. “ओरेस्तेस,” त्याने हाक मारली, “रुळांवर—” एवढ्यात बँड सुरू झाला. उत्सवात या माणसाने तोंड उघडले की पथसंचलनाची धून वाजवायची अशी बँडमास्तरला कायमची सूचना होती. ओरेस्तेसने वळून पाहिले, त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि तो समोर दिसली त्या मोटारीत, नोटरीच्या बायकोच्या शेजारी, स्वतःला कोंबून विमानतळाकडे निघून गेला.

घरी आन्सेल्मोची थोरली बहीण आसुंता स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिने लग्न केले नव्हते. अपशकुन्याची बहीण असण्याचे फायदे ती मोकळेपणाने सांगे: बेकरीत रांग लावावी लागत नाही, आणि चौकातले सावलीतले बाक कायम रिकामे मिळते.

“सांगितलंस?” तिने विचारले.

“बँड वाजवला.”

“कुठली धून?”

“आसुंता, तो मरेल.”

तिने सुरी खाली ठेवली. “त्यानंच तुला या गावात वाळीत टाकलं. एका वाक्यासाठी.”

“पेट्रोलात पाणी होतं.”

“ते तुला माहीत आहे आणि मला. त्याला कधी पटलं?” मग ती वैतागून म्हणाली, “ते तुझं ऐकत नाहीत ना, मग घसा कशाला कोरडा करतोस. नुसतं बघितलं तरी मैलावरून पळतात.”

आन्सेल्मो उठला आणि खुंटीवरचा पिवळा रेनकोट काढला. संस्थेने पावसाळी कामासाठी दिलेला हा कोट गावात एकट्या त्याच्याकडे होता, आणि तो कोपऱ्यावर दिसताच दुकानांची दारे लागत.

“बाहेर ऊन आहे,” आसुंता म्हणाली. “डिसेंबरचं, भर उन्हाळ्यातलं.”

“लांबून दुसऱ्या कुणाचा भास व्हायला नको.”

“कुठं उभा राहणार?”

“तारेखाली.”

तिला सगळे समजले. “आणि विमान तुझ्याच डोक्यावर पडलं तर?”

“तर म्हणतील मीच पाडलं.”

“ते तर म्हणतीलच,” ती म्हणाली. “टोपी घेऊन जा.”

रुळांमध्ये गवत कमरेएवढे वाढले होते. आन्सेल्मो बरोबर मधोमध, दोन खांबांना जोडणाऱ्या त्या रेषेखाली उभा राहिला. वर पाहिले तर त्यालाही तार दिसेना. मान हलवली की केसासारखे काहीतरी क्षणभर चमके आणि विझे. कोटाच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या. इथून पळून जाण्याचा मोह त्याला झाला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. त्याच्या मनात हेही आले, की आपण घरी बसलो तर जे होईल त्याचे खापर आपल्यावरच फुटेल, आणि इथे उभे राहिलो तरीही फुटेल. मग ज्याचा दोष दोन्हीकडून ठरलेला आहे त्याला एक विलक्षण स्वातंत्र्य मिळते: योग्य काय तेवढेच पाहायचे. हे त्याला इतक्या स्पष्ट शब्दांत सुचले नाही. त्याला इतकेच वाटले, की पायांत मुंग्या आल्या आहेत आणि चौकातला बँड थांबला आहे.

मग इंजिनचा आवाज आला.

लाल ठिपका पश्चिमेला वळला, रुळांवर आला आणि उतरू लागला. आन्सेल्मोला दिसत होते की ओरेस्तेसचे डोके बाहेर झुकले आहे: नजर चौकावर, हात पोत्यात. खाली उडणाऱ्याचा खरा शत्रू तार नसते. आपण जे पाहायला निघालो तेच पाहत राहणे हा असतो. विमान निलगिरीच्या शेंड्यांखाली आले. वाटेत एक टिटवी ओरडत उठली आणि पंखाखालून निसटली. आन्सेल्मोने टोपी काढली, दोन्ही हात पसरले आणि तोंड वर करून उभा राहिला, की कोणालाही, अगदी घाईत असलेल्यालाही, तो कोण हे नीट दिसावे.

ओरेस्तेसने पाहिले.

पुढे तो सांगत असे की त्या क्षणी त्याच्या डाव्या हातापुढे धर्मसंकट उभे राहिले. परंपरेने तो हात एकीकडे जायला हवा होता आणि इंजिनचा दांडा दुसरीकडे होता. हाताने दांडा निवडला. विमानाचे नाक वर उठले, जरा जास्तच. आन्सेल्मोला आठवले की एवढ्या खाली, एवढ्या हळू, एवढे नाक उचलले तर पंख हवा सोडून देतात, आणि वाचवणारी युक्तीच मारते. इंजिन कण्हले. पंख थरथरले. चाके तारेवरून इतक्या जवळून गेली की तार सतारीसारखी झणाणली. मग नाक हळूच खाली आले, वेग आला, आणि विमान कोठाराच्या वरून डावीकडे झुकून निघून गेले.

या उड्डाणात पोते उलटले. अर्धी मिठाई विमानात पायांखाली सांडली, आणि उरलेली, चौकात हात पसरून उभ्या असलेल्या मुलाबाळांना वगळून, दफनभूमीवर पडली.

गाव चालून आले. चालून आले म्हणजे आन्सेल्मोपासून बरेच अंतर राखून अर्धवर्तुळात उभे राहिले. सर्वांत पुढे बाल्बी, त्यांच्यामागे नोटरी, आणि डोक्यावर पदरासारखा रुमाल घेऊन सुलेमा.

“इतक्या वर्षांत असं झालं नाही,” नोटरी म्हणाला. “मातेचा प्रसाद मढ्यांवर.”

“आणि हा इथं हात पसरून,” बाल्बी म्हणाले. “आता बोला.”

“आजोबांना चॉकलेटं आवडायची,” मागून कोणी तरी म्हणाले, आणि त्याला गप्प करण्यात आले.

तेवढ्यात विमानतळाकडून एक मालमोटार धूळ उडवीत आली. ओरेस्तेस उतरला. कॉलरमध्ये एक गोळी अडकली होती. तो कोणाकडे न पाहता रुळांवर चालत आला, तारेखाली थांबला, आणि मान मागे टाकून वर पाहू लागला. आधी त्याला काही दिसले नाही. मग दिसले.

“ही कधी?” त्याने विचारले.

“गुरुवारी,” बाल्बी म्हणाले. “तशी ती अजून अधिकृत नाही.”

“मला कुणी बोललं नाही.”

“आम्हाला वाटलं सुलेमानं सांगितलं असेल.”

“मला वाटलं क्लबनं सांगितलं असेल,” सुलेमा म्हणाली, आणि रुमाल तोंडावर धरून रडू लागली.

“मी सुचवलं होतं,” फादर किंतिन हळूच म्हणाले.

आपण सगळ्यांनी मिळून, अत्यंत सौजन्याने, एका माणसाला मारायला निघालो होतो हे प्रत्येकाला कळले, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले.

ओरेस्तेस वळला. सूर्यफुलांनंतर पहिल्यांदाच त्याने आन्सेल्मोच्या तोंडाकडे पाहिले.

“केव्हापासून उभा आहेस?”

“प्रवचन झाल्यापासून.”

“रेनकोटात?”

“पाऊस नव्हता, पण म्हटलं तू ओळखावंस.”

“ओळखलं,” ओरेस्तेस म्हणाला. मग घसा साफ करून, “पेट्रोलात पाणी होतं रे तेव्हा. मी काढलं नव्हतं.”

“माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीस?”

“कुणाशी?”

ओरेस्तेस खाली पाहू लागला. लोक ऐकत होते. आणि त्याला, जे काही म्हणायचे होते ते, इतक्या लोकांसमोर म्हणता येईना. म्हणून त्याने आपल्याला येणारा एकच प्रश्न विचारला. “अजून काही आहे का? म्हणजे माझ्या उडण्याबद्दल. सांगायचं राहिलेलं.”

आन्सेल्मोने बोटे मोजायला घेतली. “हो. निलगिरी वाढल्यात, तू जुन्या उंचीच्या अंदाजानं शिरतोस. पश्चिमेकडं जाऊन वळतोस ते ठीक, पण वळताना फार हळू असतोस. डाव्या चाकाला तेल गळतंय, ते गेल्या मार्चपासून दिसतंय. एका हातानं उडवायचं आणि एका हातानं उधळायचं, यातलं एकच काम तुला नीट येतं. आणि तू आता साठीला आलास. वरून जा.”

“एवढं सगळं?”

“आणखी आहे.”

“उद्या ये,” ओरेस्तेस म्हणाला. “हँगरवर ये. घरी नको, सुलेमाला थोडा वेळ लागेल.” सुलेमाने रुमालाआडून मान हलवली, लागणार होताच.

दुसऱ्या दिवशी आन्सेल्मो हँगरवर गेला, आणि नंतरही जात राहिला. पंखाखाली दोन खुर्च्या आल्या. तारेला लाल गोळे लागले, आणि उद्घाटनाच्या भाषणात बाल्बींनी संस्थेच्या दूरदृष्टीबद्दल स्वतःचे अभिनंदन केले. गावाने आन्सेल्मोबद्दलचे मत बदलले, असे मात्र नाही. उलट ते आता सिद्ध झाले असेच बहुतेक जण मानत: नुसत्या दर्शनाने विमान उलटे पळवतो म्हणजे ताकद केवढी असेल. एक समाज आपली चूक एका रात्रीत कबूल करीत नाही. फार तर तिला तो एखादे काम देतो. क्लबने खरोखरच ठराव केला, की यापुढे जिथे जिथे धोका असेल तिथे मीटरवाल्याने रेनकोट घालून उभे राहावे. आन्सेल्मोने नम्रपणे नकार दिला, आणि त्याऐवजी भिंतीवरचा उंचीचा फलक पाळावा असे सुचवले.

पुढच्या उत्सवात ओरेस्तेसने तो पाळला. फलकावर लिहिले होते त्याहूनही थोडा वरूनच तो गेला, दोन्ही हातांनी विमान धरून, आणि पोते मागच्या आसनावर बसून आन्सेल्मोने रिकामे केले. त्या उंचीवरून कडक गोळ्या चौकात गारांसारख्या कोसळल्या. फादर किंतिन यांचा चष्मा फुटला, बँडच्या मोठ्या ढोलाला भोक पडले, आणि नोटरीने चौकात शेवटपर्यंत खुर्ची डोक्यावर धरली. सुलेमा म्हणाली, गारा पडणार हे मी गेल्या वर्षीच सांगितले होते. संध्याकाळी गावाने एकमताने दोष मीटरवाल्याला दिला.

आजवर त्याच्या माथी मारलेल्या सर्व आपत्तींमध्ये ही पहिलीच अशी होती की जी खरोखर त्याने घडवली होती. आन्सेल्मोने ती नाकारली नाही. नव्या चष्म्याचा खर्च त्याने आणि ओरेस्तेसने निम्मा निम्मा वाटून घेतला, आणि त्या वर्षापासून उत्सवात लोक छत्र्या घेऊन येऊ लागले.